लाह्या का फुटत नव्हत्या : दीड महिन्याच्या नोंदी (२२ जून ते ९ ऑगस्ट २०२४)

आधी थोडक्यात सांगतो. परभणीजवळच्या एका गावात माझं झेरॉक्स-रिचार्जचं दुकान आहे, समोरच शाळा. पोरं मधल्या सुट्टीत काही ना काही खातातच म्हणून जुनी पॉपकॉर्न मशीन घेतली ६,५०० रुपयाला. पॉपकॉर्नच्या मक्याचं २५ किलोचं पोतं मार्चमध्येच घेऊन ठेवलं होतं, ९० रुपये किलोनं. मशीन आली जूनमध्ये. पोतं तोवर वरच्या पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं पडून होतं, आख्खा एप्रिल आणि मे. हे वाक्य ध्यानात ठेवा, मला ध्यानात यायला पुढं दहा दिवस लागले.

२२ जून, शनिवार

पहिला घाणा. केटलमध्ये तेल, मका, मसाला, सगळं विकणाऱ्यानं सांगितलं तसं. दोन मिनिटं काहीच नाही, मग टप टप, मग थोडा जोर, आणि जोर येतोय म्हणेपर्यंत संपलं. झाकण उघडलं तर निम्म्याच्या वर गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे. जे फुटले तेही बारके, चिंचोक्याएवढे. पुतण्याला कामाला लावलं, १०० दाणे मोजून टाक म्हणलं, ३८ फुटले. १०० ग्रॅम मक्याच्या लाह्या लिटरच्या मापानं मोजल्या तर १.३ लिटर भरल्या.

हे १०० दाणे मोजायचं काम कंटाळवाणं आहे पण करा. "आज बरे फुटले वाटतं" असल्या अंदाजानं मी नंतर दोनदा फसलो.

२३ जून

ठरवलं की गॅस कमी पडतोय. बर्नर पूर्ण मोठा केला. ४१ फुटले, त्यातले दहा-बारा करपलेले, केटलच्या बुडाला मसाला चिकटून काळा थर, तो घासायला दीड तास गेला. मग उलटं केलं, एकदम बारीक गॅसवर दहा मिनिटं तापवलं, तर २२. म्हणजे आच वाढवून फरक नाही आणि कमी करून तर अजूनच खराब.

संध्याकाळी ज्या दुकानदाराकडून पोतं घेतलं त्याला फोन करून चार शब्द बोललो. तो म्हणला माझ्याकडचं बाकी गिऱ्हाईक काही म्हणत नाही, तुम्हालाच काय झालं. मला वाटलं टाळायलाय. (नंतर त्याला परत फोन करून माफी मागावी लागली, ती नोंद वेगळी लिहीत नाही.)

२६ जून

९०० रुपये पाण्यात. बंदुकीसारखा थर्मामीटर मागवला, लाल लाईट मारून ताप दाखवतो तो. केटलच्या चकचकीत स्टीलवर मारला तर ७४ अंश दाखवतोय आणि तेलातून तर धूर निघायलाय. आधी वाटलं पीस खराब आला. मग कळलं की चकाकणाऱ्या धातूवर हे यंत्र चुकतंच, तो धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, आजूबाजूचीच परावर्तित करतो. तव्यावर, काळ्या कढईवर बरोबर दाखवतं. परत पाठवायची मुदत होती दहा दिवस, मी बॉक्स फाडून टाकला होता.

३० जून, रविवार

आता सळईचा थर्मामीटर आणला, ४५० रुपये, ३०० अंशापर्यंत जातो, टोक तेलात बुडवायचं. मशीनच्या केटलमध्ये तो नीट बसत नाही म्हणून सगळे प्रयोग घरातल्या लोखंडी कढईत सुरू केले. बायकोनं सांगितलंय, कढई जशी घेतली तशी परत पाहिजे.

तेल २०० अंशाच्या आसपास ठेवून दाणे टाकले. दाणा तेलाच्या मागं राहतो, आतून तापायला त्याला वेळ लागतो, म्हणून तेल फुटायच्या तापमानाच्या थोडं वर पाहिजे. फुटायचं तापमान साधारण १८० अंश. फ्रान्समधल्या दोघा जणांनी, व्हिरो आणि पोनोमारेन्को, हे नीट मोजून २०१५ साली जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी इंटरफेसमध्ये छापलंय. दाणे भट्टीत ठेवून ताप दहा-दहा अंशानं वाढवला, १७० ला ३४ टक्केच फुटले होते, १८० ला ९६ टक्के. म्हणजे दहा अंशात सगळा खेळ.

माझं तेल बरोबर २०० ला, घड्याळ लावून, हलवून. फुटले किती? ४०.

मग आच हा मुद्दाच नाही हे मान्य केलं. आठवडा गेला, १,३५० रुपये गेले.

२ जुलै

मोंढ्यात दुसऱ्या कामाला गेलो होतो. एका आडत्याकडं सोयाबीनचं मॉइश्चर बघायचं मशीन असतं, शेतकरी आणि आडत्या त्याच्याभोवती उभं राहून भांडतात ते. खिशात मूठ-दोन मूठ मका नेला होता. त्यानं हसत हसत मक्याचं सेटिंग लावून बघितलं: १०.४. म्हणला, "भाऊ, कडक वाळलाय, ठेवायला एक नंबर माल."

ठेवायला एक नंबर, आणि फोडायला शून्य. लाहीच्या मक्यात १३.५ ते १४.५ टक्के पाणी लागतं. तिथं उभ्या उभ्या मला पत्र्याची खोली आठवली. एप्रिल-मेत आपल्याकडं ४२-४३ अंशात पत्र्याखाली पापड-कुरडया दिवसात खडखडीत होतात, तिथं उघडं पोतं दोन महिने. दुकानदारानं माल बरोबरच दिला होता, वाळवला मी.

४ जुलै

आडत्याचं मशीन साध्या मक्यासाठी लावलेलं, आपल्या बारक्या दाण्याला ते चालतं का ही शंका, म्हणून घरी ताळा करायचा ठरवला. दळलेला मका १३० अंशाच्या ओव्हनमध्ये वाळवायचा आणि वजन किती घटलं बघायचं. शेजारच्या वहिनी केक करतात, त्यांचा ओव्हन मागितला.

मका दळायला मिक्सरला लावला आणि कपलर तुटला. हा मका खड्यासारखा कडक असतो, मिक्सरला लावू नका. कपलर ८० रुपये आणि दोन दिवस चटणी खलबत्त्यात. शेवटी खलबत्त्यातच मका कुटला. ५० ग्रॅम ओव्हनमध्ये ठेवला आणि वीस मिनिटात लाईट गेली, ती आली तीन तासांनी. परत नवा नमुना. किचनचा काटा एक-एक ग्रॅमनं उडतो म्हणून सोनाराकडं असतो तसला छोटा काटा घेतला, ३५० रुपये, ही मात्र सगळ्यात कामाची खरेदी.

५०.०० ग्रॅमचे झाले ४४.८३. म्हणजे १०.३ टक्के. आडत्याचं मशीन बरोबर होतं.

५ जुलै

आता पाणी किती घालायचं. सोपं गणित: पाहिजे तो टक्का वजा आहे तो टक्का, भागिले शंभर वजा पाहिजे तो टक्का, गुणिले वजन. १४ वजा १०.४ म्हणजे ३.६, भागिले ८६, गुणिले १,००० ग्रॅम. किलोला ४२ ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे. एवढ्याशा पाण्यानं काय होणार असं वाटतं, आणि तसं वाटून पुढं काय केलं ते ११ तारखेला वाचा.

एक किलो मका, ४२ ग्रॅम पाणी, झाकण घट्ट बसणारी बरणी. पहिला अर्धा तास दर पाच मिनिटाला हलवली, नंतर सकाळ-संध्याकाळ.

६ जुलै

चोवीस तासांनी १०० दाणे: ५१. फुटताना चरचर आवाज, तेल उडालं, हाताला चटका. पाणी सालीतच बसलेलं, आत गेलेलंच नाही. साल ओली आणि गाभा कोरडा, दोन्हीकडून तोटा. मी वैतागून पुतण्याला म्हणलं की हे पण जमत नाही बहुतेक.

८ जुलै

८४!

बरणीला हात लावला नव्हता, फक्त हलवत होतो. तीन दिवस झाले एवढाच फरक.

१० जुलै

पाचवा दिवस, ९३. लाह्या पण मोठ्या, फुलासारख्या, १०० ग्रॅमच्या ३.६ लिटर, पहिल्या दिवशी १.३ होत्या. तोच मका, तेच तेल. वजन पण केलं: १०० ग्रॅम दाण्याचं लाह्या आणि गणंग धरून ८८ ग्रॅम भरलं, बाकीचं वाफ होऊन गेलं.

संध्याकाळी राहिलेल्यातला दहा किलो मका दोन झाकणाच्या ड्रममध्ये घालून, किलोला ४२ प्रमाणं पाणी घालून अंगणात लोळवला. गल्लीतली पोरं ड्रम लोळवायला फुकट मिळाली.

११ जुलै

४२ ग्रॅमनं एवढं झालं तर १०० नं काय होईल, हा मूर्खपणा केला. एक किलोला १०० ग्रॅम, म्हणजे साडेअठरा टक्के ओल. पाच दिवस ठेवून १६ ला फोडला तर ६१, त्याही चिवट, घट्ट, दाताला चिकटणाऱ्या. जास्त ओलीनं साल मऊ पडते आणि पुरता दाब चढायच्या आधीच फाटते, मग गाभा फुलतच नाही. राहिलेल्याला वास यायला लागला आणि दोन दिवसांनी पांढरी बुरशी. तो टाकून दिला, जनावराला पण घातला नाही. ९० रुपये.

१४ जुलै, रविवार

आज मशीनला सुट्टी, नुसती हौस. हे दोन प्रयोग ज्याला शाळेत दाखवायचे असतील त्यानं जरूर करा.

पहिला: ५० चांगले दाणे (१४ टक्केवाले) घेऊन नेलकटरनं प्रत्येकाच्या सालीला बारीक टवका पाडला. दोन तास गेले आणि बोटाचं कातडं गेलं. ५० पैकी फुटले २. बाकीचे नुसते तपकिरी झाले. म्हणजे पाणी बरोबर, आच बरोबर, पण साल फुटकी तर वाफ शिट्टी नसलेल्या कुकरसारखी निघून जाते. आपल्या घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत साधारण दोन वातावरणाचा दाब आणि १२० अंश असतात. दाण्याच्या आत १८० अंशाला दाब दहा वातावरणाच्या जवळ जातो. पाणी शंभरच्या वर जाऊनही दाबाखाली पाणीच राहतं, गाभ्यातला पिठूळ भाग त्यात शिजून लापशीसारखा होतो, मग साल फाटली की एका क्षणात वाफ सुटते, लापशी फुगते आणि फुगता फुगताच गार होऊन घट्ट होते. लाही म्हणजे तो घट्ट झालेला फेस. बारीक गॅसवर २२ च का फुटले ते पण आता कळलं, हळूहळू तापवलं की वाफ दाण्याच्या देठाकडच्या टोकातून झिरपत राहते, दाब जमतच नाही.

दुसरा: मोबाईलचा स्लो मोशन, सेकंदाला २४० फोटोवाला. तेल न घालता तव्यावर एकेक दाणा. सोळा दाण्यांनंतर एक बरोबर पकडला. आधी सालीतून एक पांढरा पाय बाहेर येतो, तो तव्यावर टेकतो, दाबला जातो, आणि दाणा त्या पायावरून उडी मारतो, कोलांटी घेत. त्या फ्रान्सवाल्यांनी सेकंदाला २,९०० फोटोच्या कॅमेऱ्यानं हेच बघितलं होतं. टप हा आवाज साल तडकल्याचा नाही आणि तव्यावर आपटल्याचा पण नाही, आत कोंडलेली वाफ सुटते तिचा आहे, हे पण त्यांनीच दाखवलं.

जाता जाता जनावराचा मका पण टाकून बघितला, आपल्याकडं सिल्लोड-कन्नडकडून येतो तो मोठा पिवळा. १०० मध्ये ४ तडकले, लाही एकाची पण नाही. त्याचा गाभा मऊ आणि साल एवढा दाब धरत नाही. "मका तो मका" म्हणून स्वस्तातला घेऊ नका.

१७ जुलै, आषाढी

ड्रममधला मका तयार. दिंडीची गर्दी बघून मंदिराजवळ मशीन लावली. ९० टक्क्याच्या वर फुटत होतं, केटल भरून वाहत होती, मी एकदम खुशीत. विक्री ३४० रुपये. अख्ख्या गावाला उपवास! हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माय म्हणली, "एकादशीला मका कोण खातंय रं येड्या." आता साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली, मका पण तिकडचाच, पण बाकीच्यांना उपवासात जागा मिळाली आणि मक्याला नाही. यावर मी मायशी वाद घातला आणि हरलो.

उरलेल्या लाह्या पिशव्यांत भरून ठेवल्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या सादळल्या. दोन चुका: एक तर गरम असतानाच पिशवीत भरल्या, आतली वाफ आतच राहिली, दुसरं म्हणजे बाहेर झड लागलेली. फोडतानाही झाकण पूर्ण बंद ठेवू नका, फटीतून वाफ जाऊ द्या, नाहीतर ताज्या लाह्यासुद्धा चामट होतात. मला हे कळायला ६० पिशव्या लागल्या.

२८ जुलै, रविवार

मशीन रोज चालू आहे, शाळेच्या दिवशी ४०० ते ६०० ची विक्री, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आता डोक्यात पंचमी. पंचमीला आमच्याकडं ज्वारीच्या लाह्या लागतात आणि हल्ली अर्ध्या गावाला त्या विकतच आणाव्या लागतात. म्हणलं आपण फोडून विकू, शास्त्र तर आता पाठ झालंय.

ज्वारी ओव्हनमध्ये मोजली, ९.५ टक्के. मक्याचंच गणित लावून १४ वर नेली, दोन दिवस ठेवली, लोखंडी कढईत बिनतेलाची. १०० मध्ये ३३. शास्त्र पाठ झालेल्या माणसाचा निकाल.

वाळूत पण करून बघितलं, पूर्वी भट्टीवाले करायचे तसं. वाळू दाण्याला सगळ्या बाजूनं सारखी आच देते, ही कल्पना चांगली आहे. पण माझी वाळू ज्वारीच्याच मापाची निघाली आणि चाळणीतून दोन्ही एकदमच पडायलेत. एक घास खाल्ला. वाळू आधी बारीक चाळणीनं चाळून घ्या, एवढंच सांगतो.

४ ऑगस्ट

ज्वारीची जात बदलून बघितली. घरातली मालदांडी, म्हणजे भाकरीची राणी, टपोरी, मोत्यासारखी: ४२. शेजाऱ्याकडची परभणी मोती: ३९. आत्याच्या गावाकडून आणलेली बारकी, काचेसारखी कडक ज्वारी, आत्या बांधाला चार ओळी लाहीसाठीच लावते: ६४. दाणा दातानं फोडून बघा, आत पांढरा पिठूळ भाग कमी आणि काचेसारखा भाग जास्त असेल तर लाही चांगली. भाकरीला चांगली ती लाहीला चांगली असं नाही.

पण ६४ वर गाडी अडली. लाही पण मनासारखी फुलत नाही.

८ ऑगस्ट

माय चार दिवसांपासून बघत होती. आज म्हणली, "चमच्यानं पाणी पाजून ज्वारी फुगती का? सर तिकडं." तिनं पाणी खळखळ उकळलं, आत्याची ज्वारी त्यात टाकली, मी घड्याळ लावणार तेवढ्यात चाळणीत उपसून पण झाली, मिनिटभर असेल नसेल. निथळू दिली, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यात गच्च बांधून, वर घोंगडीचा तुकडा टाकून, पाटीखाली झाकून ठेवली. मी विचारलं किती तास, तर म्हणली, "सकाळपर्यंत. रात्रभर पांघरूण पाहिजे."

मी गुपचूप त्यातल्या एका फडक्यापुरत्या ज्वारीचं वजन घेतलं होतं. टाकायच्या आधी ५०० ग्रॅम.

९ ऑगस्ट, पंचमी

पहाटे फडकं सोडलं, ज्वारी कोमट लागली हाताला. अर्धा तास सावलीत पसरली. त्या ५०० ग्रॅमचं वजन आता ५४० ग्रॅम. गणित केलं: ९.५ टक्क्याची ५०० ग्रॅम, म्हणजे कोरडा भाग ४५२.५, आता ५४० मध्ये पाणी ८७.५, म्हणजे १६.२ टक्के. मी १४ वर अडून बसलो होतो कारण तो आकडा मक्याचा आहे. गरम पाण्यानं ओल लवकर आत गेली आणि रात्रभरात सारखी पसरली, माझ्या बरणीतल्या पाच दिवसांचं काम एका रात्रीत.

कढई तापवून लाल केली, एका वेळी एकच मूठ, वर फडक्याचा बोळा फिरवत राहायचं, जास्त टाकली की कढई गार पडते आणि ज्वारी नुसती भाजून निघते. १०० दाणे मोजायला माय देईना, "देवाचं हाय, मोजायचं नसतंय." तिची पाठ फिरल्यावर पुतण्यानं मोजले: ८६.

सकाळी सहापासून अकरापर्यंत पाच किलो फोडल्या, त्यातल्या साडेतीन किलो विकल्या, बाकी नागोबाला, वारुळाला आणि घरात. हाताला दोन फोड. राहिलेला ८ किलो मका आता पत्र्याच्या खोलीत नाही, घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये खालच्या घरात आहे, आणि ड्रमवर खडूनं तारीख आणि १४ लिहून ठेवलंय. खाली पुतण्यानं मायच्या नावानं १६.२ लिहिलंय.